पहिल्या रांगेतला हात

पोलंडमधल्या क्राकूफच्या जुन्या ज्यू वस्तीतून, काझिमिएशमधून, मी पाहुण्यांना विजेच्या उघड्या गाडीतून फिरवते. माहिती टेप सांगते, कानाला लावून ऐकायची. मी गाडी हाकते. मोज्यांच्या कारखान्यातून निवृत्त झाल्यावर घरी करमेना, म्हणून हे काम धरलं.

२००९च्या एप्रिलमध्ये सालोमेआबाई गाडीत येऊन बसल्या. वय अठ्ठ्याहत्तर, पाठ ताठ. तिकीट देताना मी मान वर केली नाही.

कारखान्यात त्या आमच्या मुकादम. मी अठराव्या वर्षी कामाला लागले, तेव्हा सुई तुटली की रडायचे. "रडून धागा जोडला जातो का? सरक तिकडे," म्हणत त्या स्वतः मशीनवर बसायच्या. युद्धात एका शेतकऱ्याने त्यांना आणि त्यांच्या आईला बटाट्यांच्या तळघरात दोन वर्षं लपवलं होतं. आईची नजर तिथेच गेली. वडील काचा बसवायचे. त्यांना जर्मनांनी नेलं ते नेलंच. हे सगळं त्यांनी एकदाच सांगितलं, जेवणाच्या सुट्टीत, पाव खाता खाता.

मग १९६८चा मार्च आला आणि वरून हुकूम सुटला, की ज्यूंना वरच्या जागांवरून काढा. कारखान्यात सभा भरली. कम्युनिस्ट पक्षाच्या माणसाने विचारलं, "सालोमेआ वाक्स देशाशी बेइमान आहे असं कोणाचं मत आहे?" सगळ्यांचे हात वर गेले. माझाही.

दुसऱ्या दिवसापासून बाई आमच्याच मशीनखाली झाडू मारू लागल्या. नवऱ्याचीही नोकरी गेली. आठ वर्षांच्या मुलाला घेऊन तो डेन्मार्कला निघून गेला. जाणाऱ्याला पोलंडचं नागरिकत्व सोडावं लागायचं, परतीची वाट बंद. आंधळ्या आईसाठी बाई मागे राहिल्या. आई आणखी अकरा वर्षं जगली. तोवर नवऱ्याने तिकडे दुसरा संसार मांडला. पुढे मुलगा एकदा भेटायला आला, तेव्हा मायलेकांच्या मध्ये दुभाषा बसला होता म्हणे.

तर त्या दिवशी गाडी शेवटच्या वळणावर आली. टेप म्हणाली, १९४३ साली इथलं ज्यूंचं जीवन संपलं. बाईंनी कानाला लावलेली टेप काढली.

"बोझेना, ही बया काय म्हणते? संपलं?"

"टेप आहे बाई. ती काही मी केलेली नाही."

"मग अडुसष्टमध्ये झाडू कोण मारत होतं? माझं भूत?"

पुढच्या बाकावरच्या पाहुण्याने वळून त्यांचा फोटो काढला.

सगळे उतरले, तरी बाई बसून राहिल्या. मी कसंबसं म्हटलं, "बाई, त्या सभेत सगळ्यांनीच..."

"ठाऊक आहे. मागचे मला दिसले नाहीत. तू पहिल्या रांगेत होतीस. वर केलेल्या हातात मी विणलेला हातमोजा होता."

"सरकारी घरांच्या यादीत माझं नाव होतं हो. कापलं असतं."

"मिळालं मग घर?"

"मिळालं."

"ऊन येतं?"

"सकाळचं येतं."

"बरं झालं," म्हणाल्या आणि उतरून गेल्या.

मी गाडीच्या मालकाला म्हटलं, टेपमध्ये अडुसष्टचंही घाला. तो हसला. "लोक युद्धाचं ऐकायला येतात, आजी. कारखान्यातली सभा कोण ऐकणार?"

मग एक दिवस पोलिश पाहुणे होते, तेव्हा टेप बंद करून मीच सांगितलं. माझ्या हातासकट. त्यांतल्या एकाने तक्रार केली, की ही गाडीवाली पोलंडची बदनामी करते. मालक म्हणाला, "पुन्हा तोंड उघडलंस तर चावी ठेवायची आणि चालू लागायचं." मी चावी ठेवली नाही. तोंडच मिटलं.

नाताळात खसखशीचा केक घेऊन बाईंच्या दाराशी गेले. त्यांनी साखळी न काढता फटीतून पाहिलं.

"काय आहे?"

"केक. घरी केलाय."

"परत ने. मला गोड चालत नाही."

पुढच्या वर्षी त्या गेल्या. दफनाला आम्ही जेमतेम नऊ माणसं होतो. डेन्मार्कहून मुलगा आला होता, केस पिकलेला. त्याने मोडक्या पोलिशमध्ये विचारलं, "आपण आईच्या कोण?"

"कारखान्यात एकत्र होतो," मी म्हणाले. त्याने माझा हात दोन्ही हातांत घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.