न हिंदकळणारी मोटार

मोटारीचा शोध माणसाने बायकोला माहेरी पोचवण्यासाठी लावला, असं छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस मी जन्मात पाहिला, आणि तो म्हणजे तारापूरचे आमचे घरमालक. व्यापार, लढाया, राजेरजवाड्यांच्या शिकारी हे सगळं त्यांच्या मते मागाहूनचं. "पयली मोटार ज्यानं बनवली ना, त्याची सासुरवाडी लांब होती. लिवून ठेवा तुमी," असं ते मला म्हणाले, तेही मी खोली बघायला गेलो त्या पहिल्याच दिवशी, भाड्याचा विषय निघायच्या आत.

मी नुकताच साताऱ्याकडून आलो होतो. समुद्राकाठी अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं होतं, तिथल्या स्टोअरमध्ये मला नोकरी लागली होती, आणि वसाहतीतली घरं अजून जोत्याच्या वर आलेली नव्हती. म्हणून मी आणि माझी बायको घरमालकांच्या चिकूच्या वाडीत मागच्या दोन खोल्यांत बिऱ्हाड थाटून राहिलो. घरमालक पन्नाशीला टेकलेले, गुडघ्यापर्यंत धोतर, वर गंजीफ्रॉक, खांद्यावर कायम एक पिवळं फडकं. आणि गोठ्यात बैलांच्या जागी एक लांबलचक, काळी कुळकुळीत जर्मन मोटार उभी! गव्हाण तशीच होती, फक्त तिच्यात कडब्याऐवजी पाने, पकडी आणि ग्रीसचे डबे पडलेले. रोज सकाळी ते त्या मोटारीला अंघोळ घालत, आणि तीही आधी मागचं अंग, मग पुढचं, अगदी बैलाला घालावी तशीच. आमच्या साताऱ्याकडे बेंदराच्या सणालासुद्धा बैलांचे इतके लाड होत नाहीत हो!

गाडी पळायची मात्र भन्नाट. बोईसरच्या रेल्वे फाटकाशी पेटवलेली विडी तारापुरात येईपर्यंत संपता कामा नये, हे त्यांचं वेगाचं माप. विडी आधी संपली तर ती गाडी त्यांच्या मनातून उतरली. रस्त्यात ट्रक दिसला की त्यांना राहवत नसे. जीप दिसली की मुळीच नाही. मी एकदा त्यांच्या शेजारी बसून कामावर गेलो आणि संध्याकाळी मुकाट्याने चालत घरी आलो.

आता एवढ्या वेगाचं कारण काय? तर घरमालकीणबाई, म्हणजे आमच्या काकू. त्यांचं माहेर जव्हारला. वडील संस्थानात कारकून होते, ते गेले, आता घरी एकटी म्हातारी आई. आणि काकूंना गाडी लागायची. लागायची म्हणजे काय, एस.टी.चा नुसता वास आला तरी पदर तोंडाला! बेटेगाव आलं की चेहरा पिवळा, पालघरला डोळे मिटलेले, आणि पुढे वाघोबाची खिंड लागायच्या आत सगळा कारभार आटोपलेला. जव्हारचा घाट तर लांबच राहिला. पूर्वी त्या वर्षातून एकदा बैलगाडीने माहेरी जात, वाटेत मुक्काम करत करत. बैलगाडीत त्यांना काहीच होत नसे. पण नवऱ्याला वाटलं, बायकोचे एवढे हाल कशाला? म्हणून त्यांनी बैल विकले आणि बायकोला झटपट माहेरी नेण्यासाठी मोटार आणली. झालं! त्या दिवसापासून काकूंचं माहेर जे बंद झालं ते झालंच. करायला गेलो गणपती आणि झाला मारुती म्हणतात, ते हेच.

पण घरमालक हार मानणाऱ्यांतले नव्हते. त्यांचा एक सिद्धांत होता. "पोटाला कळायला टाइम लागतो, स्टोरवाले. पोटाला कळायच्या आत जव्हार आलं पायजे." म्हणून सगळ्यांत वेगवान गाडी हवी. पण ती संसारालाही बरी हवी, कारण तिच्यातून दोन मुली शाळेत जायच्या होत्या, चिकूच्या करंड्या बोईसर स्टेशनला जायच्या होत्या आणि गिरणीवरून तांदळाचं पोतं यायचं होतं. म्हणून प्रत्येक नव्या गाडीची परीक्षा व्हायची. तांब्याची कळशी काठोकाठ भरून मागच्या सीटवर ठेवायची, गाडी सुसाट फाटकापर्यंत नेऊन परत आणायची आणि किती पाणी उरलं ते बघायचं. "कळशीतलं हाललं तर हिच्या पोटातलं हाललं," असा हिशेब. बायकोच्या पोटाची परीक्षा कळशीवर घेणारा नवरा मी तरी दुसरा पाहिला नाही.

जर्मनीण (गाड्यांना ते अशीच नावं देत) या परीक्षेत काठावर पास झाली. तिचं चालवायचं चाक डाव्या बाजूला होतं. त्यामुळे उजवीकडे पदर तोंडाला लावून बसलेल्या काकूच गाडी हाकतायत असं वाटून कोळणी डोक्यावरच्या पाट्या खाली ठेवून बघत राहायच्या. "अगो बाय, शेटीण मोटार चालवते!" असा पुकारा एकदा चिंचणीच्या बाजारातून थेट आमच्या स्टोअरपर्यंत आला होता. सगळे हसले, घरमालकही हसले. त्या हसण्यात केवढा शहाणपणा सांडून गेला, हे तेव्हा कोणालाच कळलं नाही.

मग आला इंग्रज. मुंबईच्या कुठल्याशा हौशी पारशीबाबाची तांबडी, बुटकी, कापडी टपाची गाडी. धावायला वारा! पण सीटा दोन. "संसाराला कशी काय?" मी विचारलं. "बेस्ट!" ते म्हणाले, आणि ती बेस्ट कशी ते दाखवायला त्यांनी काकू, दोन्ही मुली आणि एक फणस एवढ्यांना तिच्यात बसवलं. सगळे बसले, पण घरमालकांना बसायला जागा उरली नाही. महिन्याभरात इंग्रज आला तसा गेला. त्यामागून अमेरिकन आली, आगबोटीसारखी. ती वाडीत वळेना म्हणून लागत्या चिकूच्या फांद्या तोडाव्या लागल्या, त्या दिवशी काकू जेवल्या नाहीत. पण कळशीतलं पाणी थेंबभरही सांडलं नाही! घरमालक आनंदाने नाचायचे तेवढे राहिले. दुसऱ्याच दिवशी काकूंना बसवून निघाले आणि सरावलीपर्यंत जाऊन परत आले. काकू म्हणाल्या, "कळशीला काय ओ, तिला पोट कुठं हाय?" अमेरिकन पाळण्यासारखी डुलायची, आणि पाळण्याने काकूंना लहानपणापासूनच मळमळत असे.

शेवटी एक राखी रंगाची विलायती गाडी आली. चार दारं, चाक उजवीकडे, पोटात शर्यतीच्या गाडीचं इंजिन आणि मागे करंड्या ठेवायला प्रशस्त पेटी. सगळ्या गाड्यांचे गुण एकीत आले, असं त्यांचं म्हणणं. ती आली त्याच आठवड्यात जव्हारच्या एस.टी.च्या कंडक्टरने निरोप आणला, की म्हातारीने अंथरूण धरलंय, लेकीला बघायचंय म्हणते.

घरमालकांनी तडक गाडी काढली. जन्मात पळवली नव्हती तशी पळवली म्हणे. पण वाघोबाच्या खिंडीपर्यंत पोचेतो काकूंची शुद्ध हरपायची वेळ आली. पाण्याचा घोटही पोटात ठरेना. "मेले तरी चालंल, पण पुढं चला," असं त्या म्हणत होत्या, पण यांचा धीर सुटला आणि त्यांनी गाडी माघारी वळवली. संध्याकाळी काकू आत निजल्या होत्या आणि घरमालक ओट्यावर बसून त्या पिवळ्या फडक्याने डोळे पुसत होते. एवढा दांडगा माणूस, पण लहान मुलासारखा हुंदके देत होता. "एवढ्या गाड्या केल्या, पण एक कामाची नाय निघाली. म्हातारी वाट बघत जाईल ओ," म्हणाले. तेवढ्यात माझी बायको आमच्या खोलीतून पेज घेऊन आली आणि तिने दारातूनच काकूंना विचारलं, "काकू, मग बैलगाडीत कसं काही होत नव्हतं?"

"बैलगाडी मी हाकायची ना," आतून क्षीण आवाज आला. "यांच्या हातात कासरा दिला की बैल शेतात घुसायचे."

घरमालकांनी माझ्याकडे बघितलं, मी त्यांच्याकडे. मग ते उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि परत येऊन बसले.

"चाक?" ते म्हणाले.

"चाक," माझी बायको म्हणाली.

"हिच्या हातात?"

त्यांचं दुःख मला समजत होतं. या माणसाने आपल्या गाडीच्या चाकाला कधी कोणाचं बोट लागू दिलं नव्हतं. मेकॅनिकने नुसता हात ठेवला तरी "दुसऱ्याच्या बायकोचा हात धरतोस काय रे?" म्हणून ओरडायचे. आणि आता तालुक्यातली सगळ्यांत वेगवान गाडी त्यांनी नऊवारीतल्या काकूंच्या हाती द्यायची! रात्र त्यांनी कशी काढली देव जाणे. सकाळी मी तोंड धुवायला बाहेर आलो तर त्या देखण्या राखी गाडीच्या पुढे नि मागे, शिकाऊ माणसाच्या गाडीवर असतं ते तांबडं इंग्रजी एल अक्षर ते स्वतःच्या हाताने रंगवत होते. एल जरासा वाकडाच आला.

शिकवणी ओहोटीला चिंचणीच्या किनाऱ्यावर चालायची, कारण तिथली ओली वाळू रस्त्यासारखी घट्ट आणि आडवं यायला झाड नाही. काकूंनी कासोटा खोचला, चाक धरलं आणि गाडी सुरू होताच तोंडाने "हॅक् हॅक्" केलं. "अगो, तो बैल नाय!" घरमालक किंचाळले. "पण चालली ना?" काकू म्हणाल्या. "क्लच! क्लच!" म्हणून ते ओरडायला लागले की काकू गाडीच थांबवायच्या. "वरडू नका. जनावरावर वरडलेलं मला खपत नाय." मासे वाळत घालणाऱ्या बाया हातातलं काम टाकून बघायच्या आणि वर घरमालकांनाच दटावायच्या, "शेट, तिला शिकू द्या, तुमी गप बसा!"

हात बसला तसे लगेच निघालो. काकू चाकावर, शेजारी घरमालक, मागे मी आणि माझी बायको. माझ्या मांडीवर काठोकाठ भरलेली कळशी, कारण परीक्षा ती परीक्षा. आणि काय सांगू, शर्यतीच्या इंजिनाची ती गाडी काकूंनी अशी चालवली की बेटेगावाजवळ एका बैलगाडीने आम्हाला मागे टाकलं. खोटं सांगत नाही, गाडीवान मान वळवून हसलासुद्धा. मागे ट्रकांची रांग लागली, भोंग्यांनी कान किटले. "वाजवू द्या. त्यांच्या बापाचा रस्ता हाय काय?" काकू म्हणाल्या. चेहरा टवटवीत, डोळे लांब रस्त्यावर. पालघर मागे पडलं तरी त्यांना काही नाही. पण शेजारी घरमालक गप्प गप्प होत चालले होते. कपाळावर घाम. इतकी वर्षं चाक धरणारा माणूस पहिल्यांदाच शेजारच्या सीटवर बसला होता.

खिंडीत काकूंनी गाडी उभी केली. तोंडाला पदर न लावता इथवर आले तर नारळ फोडीन, हा त्यांचा वाघोबाला कितीतरी वर्षांचा बोललेला नवस. त्या नारळ फोडत असताना घरमालक घाईघाईने उतरून एका झाडामागे गेले. बऱ्याच वेळाने आले ते त्याच पिवळ्या फडक्याने तोंड पुसत. तोंडावर प्रेतकळा. माझ्या खांद्याला धरून हळूच म्हणाले, "स्टोरवाले, हिला इतकी वर्सं असं व्हायचं?"

मी त्यांना झाडाच्या बुंध्याशी टेकवून बसवलं.

"आणि मी म्हणायचो, जरा दम धर."

काकूंनी कमरेचं लिंबू काढून त्यांच्या हातात दिलं. "हुंगा. आणि लांब बघा, जवळ बघू नका." बस्स, एवढंच. एक टोमणा नाही. काकूंच्या जागी माझी बायको असती तर मी ते जन्मभर ऐकलं असतं.

उन्हं कलता कलता जव्हारला पोचलो. म्हातारी खाटेवर, नुसती काडी उरलेली. काकूंनी जवळ जाऊन तिचा हात धरला. तिने डोळे उघडले, लेकीला ओळखलं, आणि पहिला प्रश्न विचारला, "कोणी आणलं गं तुला?"

"मीच आले, आई."

"आणि जावई?"

"बाहेर गाडीत पडलेत. त्यांना गाडी लागली."

म्हातारी हसली. दात नव्हते, तरी काय सुंदर हसली! माझ्या मांडीवरून आलेली कळशी तशीच भरलेली होती. त्यातलंच पाणी काकूंनी आईला पाजलं.

काकू तिथेच राहिल्या, आई गेली ती त्यांच्याच मांडीवर. आम्हाला परत घरमालकांनी आणलं. सबंध वाटेत त्यांनी एकाही ट्रकला मागे टाकलं नाही आणि विडीही पेटवली नाही. गाड्यांची तुलना मात्र कायमची बंद झाली. कोणी विचारलंच, की शेट, संसाराला कुठली गाडी बरी, तर म्हणायचे, "घरात इचारा, कोण चालवणार हाय." पुढे रस्त्यावर दिसायचे ते शेजारच्या सीटवर, हातात लिंबू, नजर लांब.

मग माझी बदली झाली, आणि वर्षं गेली. मध्यंतरी कामासाठी तिकडे गेलो तेव्हा घरमालक हयात नव्हते. काकूंनी चहा दिला, चिकू बांधून दिले आणि म्हणाल्या, "चला, टेशनापर्यंत सोडते." गोठ्यातून तीच राखी गाडी निघाली, आता पार म्हातारी झालेली. मी नेहमीच्या सवयीने पुढचं डावं दार उघडलं. सीटवर पिवळं फडकं घडी करून ठेवलेलं होतं, आणि त्याच्यावर एक ताजं लिंबू.

"मागं बसा, स्टोरवाले," काकू म्हणाल्या.

मी दार हलकेच लावलं आणि मागे जाऊन बसलो.