साडूंचं आखूड धनुष्य

जगातल्या पुष्कळ गोष्टी मला कळत नाहीत आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण तीस वर्षं ज्याच्यासमोर बसून चहा प्यायलो, ज्याच्या घरी प्रत्येक दिवाळीत दोन दिवस राहिलो, तो माणूस म्हणजे माझे थोरले साडू मला आजतागायत कळलेले नाहीत. मी धुळ्याचा, निवृत्त शाळामास्तर. ते जळगावला पिंप्राळ्यात राहतात. माझ्या बायकोची थोरली बहीण, जिला सगळं गणगोत अक्का म्हणतं, ती त्यांची बायको. साडूंना सगळे भाऊ म्हणतात, आणि ते मला लग्नाच्या दिवसापासून पाहुणे म्हणतात. भाऊंनी उभी नोकरी एका पाइपाच्या कारखान्यात केली. तिथे त्यांचं काम एवढंच, की तयार पाइपात पाण्याचा दाब वाढवत न्यायचा आणि तो कधी फुटतो ते लिहून ठेवायचं. निवृत्त झाल्यावर लोक देवळात जातात, नातवंडं सांभाळतात, नाहीतर कॉलनीच्या पाण्याच्या टाकीवरून भांडणं काढतात. भाऊ घराच्या पोर्चमध्ये बसून लाकडाची आखूड धनुष्यं करू लागले.

आता यात न कळण्यासारखं काय, असं कुणाला वाटेल. छंद आहे, करतात. पण भाऊंनी आयुष्यात बाण मारलेला नाही. त्यांच्याकडे बाणच नाही. मी एकदा विचारलं, तर रंधा थांबवून माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच काहीतरी विक्षिप्त बोललो. "बाण कशाला, पाहुणे? बाणानं माणसाला लागतं." मग धनुष्य आखूडच का? यावर त्यांनी मला सांगितलं, की लांब धनुष्य कुणीही करील, आखूड धनुष्यात लाकडाला चुका लपवायला जागा राहत नाही. मला ते फार आवडलं. मी धुळ्यात चार जणांना ऐकवलंही. पुढच्या भेटीत शेजाऱ्यानं तोच प्रश्न विचारला, तेव्हा भाऊ त्याला म्हणाले, "पोर्च लहान आहे ना." दोन्ही उत्तरं त्यांनी सारख्याच गांभीर्यानं दिली होती. खरं कोणतं, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. मग मी एक सिद्धांत मांडला, की उभा जन्म वस्तू फोडण्यात गेल्यामुळे आता न मोडणारी वस्तू घडवावी असं त्यांच्या मनानं घेतलं असेल. भाऊंनी तो शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "तसं काही नाही. मला लाकडाचा वास आवडतो."

लाकूड हवं ते धामणीचं. धामण नावाचं झाड असतं, त्याचं लाकूड वाकतं आणि परत सरळ होतं, हे मला आता ठाऊक आहे. त्या वेळी अक्कालाही ठाऊक नव्हतं. शिरपूरकडच्या एका शेतकऱ्याच्या बांधावर धामणीचं झाड वाऱ्यानं पडल्याची बातमी भाऊंना लागली, आणि ते मला धुळ्याहून सोबत घेऊन तिकडे गेले. तो म्हातारा शेतकरी, डोक्याला मुंडासं, झाडाजवळ बसून आमची सगळी हकीकत ऐकत होता. "तुमले काय मारनं शे?" त्यानं विचारलं. भाऊ म्हणाले, काही नाही. "मंग कसाले करतस?" भाऊ म्हणाले, सहज. म्हाताऱ्यानं माझ्याकडे पाहिलं, मी आभाळाकडे पाहिलं. "मी बठ्ठा रान फिरनू," सगळं रान पालथं घातलेला तो म्हातारा म्हणाला, "पन आसा मानूस नही देखा." आणि निघताना त्यानंच निवडून सरळ, बिनगाठीचा ओंडका काढून दिला. परतीच्या एसटीत कंडक्टरनं गोणपाटात गुंडाळलेल्या ओंडक्याकडे बोट करून विचारलं, "हे काय, काका?" भाऊ म्हणाले, "धनुष्य." कंडक्टर म्हणाला, "कुठंय?" भाऊ म्हणाले, "अजून निघायचंय."

मी धुळ्याला उतरलो. पुढच्या प्रवासात भाऊंनी अक्काच्या मोबाइलवर आवाजी निरोप पाठवला: "धामण मिळाली. चांगली सहा फुटी आहे. अजून ओली आहे, म्हणून पलंगाखाली ठेवावी लागेल. तू घाबरू नको." खानदेशात काय किंवा कुठेही काय, धामण म्हटल्यावर बाईमाणसाला झाड आठवत नाही, साप आठवतो. अक्कानं सर्पमित्राला फोन केला. भाऊ रिक्षातून उतरले तेव्हा अर्धी कॉलनी रस्त्यावर उभी होती, आणि हातात काठी घेतलेला सर्पमित्र अगदी मऊ आवाजात म्हणत होता, "काका, घाबरू नका. गोणपाट हळूच खाली ठेवा आणि मागं सरका." भाऊंनी गोणपाट हळूच खाली ठेवलं आणि मागं सरकले. घाबरायचं कशाला, हे त्यांना शेवटपर्यंत समजलं नाही. सर्पमित्र मात्र त्यांच्याशी लाकडावर तासभर बोलत बसला आणि चहा पिऊन गेला.

धनुष्य करायचं म्हणजे नव्वद टक्के वेळ नुसतं बघायचं, असं मला दिसलं. भाऊ लाकूड थोडं तासायचे, भिंतीवरच्या खुंटीला अडकवायचे, दोरी कप्पीवरून घेऊन हळूहळू ओढायचे आणि एक डोळा मिटून बघत राहायचे. दोन्ही बाजू सारख्या वाकल्या पाहिजेत. एक बाजू आळशी निघाली तर तिच्या पोटाला, म्हणजे आतल्या अंगाला, चार वेळा कानस, पुन्हा खुंटी, पुन्हा बघणं. आणि इतकं करून शेवटी 'काड्' असा आवाज यायचा. प्रत्येक मोडलेलं धनुष्य भाऊ तारीख लिहून माळ्यावर ठेवत आणि त्या दिवशी जेवताना बोलत नसत. "सुतक पाळतात हे," अक्का म्हणायची. तिला या छंदाचा मनापासून राग होता. घरभर भुसा, आणि पोळीत एकदा कुसळ सापडलेलं. शिरपूरच्या त्या ओंडक्यातून मात्र, तब्बल चौदा महिन्यांनी, एक धनुष्य टिकलं. साडेतीन फुटांचं, मधाच्या रंगाचं. ते मी हातात घेतलं तेव्हा मला काहीही न कळूनसुद्धा खाली ठेववेना.

ते धनुष्य झालं त्याच पावसाळ्यात अक्काला अर्धांगाचा झटका आला. बोलणं आठवडाभरात सुटं झालं, चालणं महिन्याभरात, पण उजव्या हातात जोर असा आलाच नाही. व्यायाम शिकवणाऱ्या ताईंनी ओढायला एक रबरी पट्टा दिला. अक्कानं तो दोनदा ओढला आणि डाव्या हातानं खिडकीबाहेर फेकला. "चड्डीचं इलॅस्टिक ओढत बसू का या वयात?" ती म्हणाली, आणि भिंतीकडे तोंड करून पडली. मग ती कुणाशी बोलेना. मी आणि बायको भेटायला गेलो, तेव्हा भाऊ पोर्चमध्ये बसून ते मधाच्या रंगाचं धनुष्य तासत होते. चांगलं झालेलं, टिकलेलं, एकुलतं एक. मी ओरडलोच, "भाऊ, अहो, बिघडवता कशाला?" ते मान वर न करता म्हणाले, "फार कडक आहे हे. तिला ओढवायचं नाही."

दोन दिवसांत त्यांनी ते इतकं पातळ केलं की दोन बोटांनी वाकावं. धनुष्य म्हणून ते संपलं होतं. अक्काच्या मांडीवर ठेवून ते म्हणाले, "जरा धर. कोणती बाजू कमी वाकते ते मला दिसत नाही." व्यायामाचा शब्दही काढला नाही. अक्कानं ते उलटंसुलटं करून पाहिलं. मग डाव्या मुठीत धनुष्य धरलं, उजव्या हाताची बोटं एकेक करून दोरीवर नेऊन ठेवली आणि ओढलं. दोरी पेरभर हलली. "दोन्ही सारख्याच आहेत," ती म्हणाली. महिन्यात बोललेलं ते तिचं पहिलं पुरं वाक्य. त्यानंतर भाऊ त्याच ओंडक्याच्या उरलेल्या लाकडातून दर पंधरा दिवसांनी नवं धनुष्य करत, आधीच्यापेक्षा एक केसभर कडक, आणि अक्का चुका काढत.

सहाव्या धनुष्याच्या वेळी सकाळी मला फोन आला. "पाहुणे, तुटलं!" मी समजूत घालू लागलो, "असू द्या भाऊ, दुसरं होईल—" "अहो, तिनं तोडलं! उजव्या हातानं! काड्कन!" आणि मग पलीकडून हसण्याचा आवाज आला की रडण्याचा, हे मला कळलं नाही. मागून अक्का मोठ्यानं सांगत होती, "लाकूडच कच्चं होतं, माझा काय दोष?"

याला आता काही वर्षं झाली. अक्का भाकरी थापते, एका कडेनं जाड होते एवढंच. भाऊंना मात्र काचबिंदू झाला आहे, दिसतं ते अंधूक. परवा गेलो तेव्हा ते खुंटीला लावलेल्या धनुष्यावरून बोटांनी चाचपत कानस फिरवत होते आणि खुर्चीतून अक्का सांगत होती, "वरची बाजू अजून घासा. थोडीच. बस्स, आता थांबा." भाऊ थांबले. ऊन पोर्चमधून मागे सरकत होतं. मी चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला दोन्ही बाजू अगदी सारख्याच दिसत होत्या. पण त्या दोघांना काहीतरी दिसत होतं, म्हणून मी चष्मा काढून खिशात ठेवला.