उत्तम शुक्रवारचं स्पष्टीकरण

मध्य प्रदेशातल्या बालाघाटच्या आमच्या सरकारी ऑफिसात ख्रिस्ती मी एकटीच. नाताळात माझ्याकडून केक गेला, साहेबांनी लाल टोपी घालून फोटो काढले, मलाही मजा आली. नाताळ सगळ्यांनी साजरा केला तर माझं काही बिघडत नव्हतं. पण गुड फ्रायडेच्या, म्हणजे आमच्या उत्तम शुक्रवारच्या, आदल्या दुपारी साहेब माझ्या टेबलाशी येऊन म्हणाले, "मैडम, कल बैहर तरफ पिकनिक है. आपका त्योहार है, तो केक आपकी तरफ से."

"सर, कल मेरा उपवास है."

"त्योहार में उपवास?" साहेब हसले, म्हणून सगळे हसले.

मागच्या वर्षी मी गेले होते. बदली होऊन नवीनच आलेली, नाही म्हणायची हिंमत झाली नाही. जंगलात गाणी लावून सगळे नाचत होते नि मी कागदी प्लेट धरून उभी. आमच्या घरी उत्तम शुक्रवारी आई पांढरी साडी नेसते, दुपारी तीनपर्यंत गॅस पेटत नाही. येशूला क्रुसावर खिळलं तो दिवस. पिकनिकच्या फोटोत माझं हसू पाहून आई आठवडाभर माझ्याशी बोलली नव्हती.

या खेपेला मी साहेबांना सरळ सांगितलं. सुट्टी सगळ्यांची आहे, तुम्ही खुशाल जा. मी येणार नाही, केकही आणणार नाही. आणि उद्या मला हॅपी म्हणू नका, आमचा तो शोकाचा दिवस आहे.

संध्याकाळी त्यांचा निरोप आला: पिकनिकला यायचं नसेल तर उद्या ऑफिसात बसून भोपाळला माहिती पाठवा.

मी ऑफिसात गेले नाही. बारा ते तीन चर्चमध्ये होते. येशूच्या क्रुसावरच्या सात उद्गारांवर एकेक जण बोलत होता नि पर्समध्ये फोन थरथरत होता. तिसऱ्यांदा थरथरला तेव्हा मी तो बंद केला.

सोमवारी टेबलावर कागद. आदेश का पाळला नाही, लेखी कळवा. शेजारी बसणारी ताई राजेगावची, बौद्ध, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. हळूच म्हणाली, "बिमार होती म्हणून लिहून दे. काहून डोक्याले ताप करून घेऊन राह्यली?"

"बिमार नव्हते ना, ताई."

मी एकच ओळ लिहिली. उत्तम शुक्रवारी मी चर्चमध्ये होते, पुढच्या वर्षीही तिथंच असेन. खाली सही. माफी मागितली नाही.

ताईनं कागद वाचला. मग म्हणाली, "सहा डिसेंबर आमचा महापरिनिर्वाणाचा दिवस. त्या दिवशी मलेही इथं कोणी ना कोणी हॅपी म्हणते. दरसाल मी थँक्यू म्हणून गप बसते."

"काहून?"

"भांडण नको म्हणून." ती उठली, माझा कागद घेऊन स्वतःच साहेबांच्या खोलीत गेली. दार उघडंच होतं. "सर, ये पढ़ लीजिए. और छह दिसंबर को मुझे भी हैप्पी मत बोलिए."

पुढं महिनाभर साहेब आम्हा दोघींच्या फाइली शिपायाच्या हाती पाठवत राहिले. मला बदलीवर दूर मलाजखंडकडे पाठवीन, असंही कोणाजवळ म्हणाले. पाठवू देत. तिथं चर्च असेल तर चर्चमध्ये, नसेल तर खोलीचं दार लावून तीन तास बसेन.