छातीइतक्या उंचीवर

हे माझ्या तोंडून आजवर बाहेर पडलेलं नाही. बायको गेली, तिलाही ठाऊक नव्हतं. आताही पाहा ना – सांगायला बसलो, तर आधी चष्मा पुसला, मग पाणी प्यायलो, मग पुन्हा चष्माच पुसला. म्हातारपणी माणूस धीट होतो म्हणतात. कोण म्हणतं?

निजामाच्या राजवटीत मी कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकत होतो. दर हिवाळ्यात आमचे सर आम्हा आठ-दहा पोरांना घेऊन बदनापूरच्या स्टेशनावर उतरायचे. जवळच दगडखाण होती, रेल्वेची खडी तिथूनच जायची. काळा कातळ, त्यात मधूनमधून पोकळ्या, आणि नशीब असेल तर पोकळीत पांढरे स्फटिक. सरांचा एकच हेका – सापडल्याची जागा लिहिली नाही, तर तो नमुना नव्हे, रस्त्यावरचा धोंडा. सर्वांना काही ना काही सापडायचं. मला फक्त हाताला फोड यायचे.

तिसऱ्या दिवशी दुपारी मी शेजारच्या शेतातल्या विहिरीवर पाणी प्यायला गेलो. काठावर आसरा मांडलेल्या होत्या. विहिरीच्या देवता या, शेंदूर लावलेले सात दगड. सहा काळे होते. सातवा – काय सांगू तुम्हाला – मुठीएवढा, लिंबाच्या कोवळ्या पानासारखा हिरवा, काचेसारख्या कडांचा. असा स्फटिक आम्ही पुस्तकातही पाहिला नव्हता.

शेत धनगराचं होतं. घरातली म्हातारी, तान्हाबाई, तिनंच मला पाणी शेंदून दिलं. माझी नजर तिनं ओळखली असावी.

"ती थोरली हाय. इहिरीत सुरुंग लावला तवा निघाली, अन् तवाच पाणी लागलं. हात नका लावू, बाबा."

एवढं सांगून ती हरभऱ्यात शिरलेल्या शेळ्या हाकायला गेली. मी हात लावला.

का? हे मी स्वतःला कितीदा विचारलंय. पैशासाठी नाही. मला एकदा, फक्त एकदा, सरांची शाबासकी हवी होती. धर्मशाळेत कंदिलातलं रॉकेल घेऊन मी शेंदूर पुसला. एका फटीत थोडा राहिला. संध्याकाळी स्फटिक सरांच्या हातावर ठेवला आणि म्हणालो, खाणीत सापडला, उत्तरेच्या भिंतीत. विहिरीचं नाव घेतलं असतं, तर सरांनी मला तसंच उलट पावली नेऊन म्हातारीच्या पाया पडायला लावलं असतं. सरांनी भिंग लावलं. फटीतला लाल रंग पाहून वहीत लिहिलं – लोहाचा अंश. मी शेजारी उभा राहून ते वाचलं.

दुसऱ्या दिवशी त्यांना जागा दाखवायची होती. मी बोट केलं, कुठंतरी. सरांनी दिवसभर भिंत ठोकली. पुढच्या हिवाळ्यातही ठोकली. त्याच्या पुढच्याही. त्या दगडाच्या जोरावर मला त्याच कॉलेजात नोकरी लागली आणि मी त्यांच्याबरोबर जाऊ लागलो. हो, तो दगड ठेवलेल्या नमुन्यांच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच असायची, हेही इथंच सांगून टाकतो.

त्या विहिरीवर मी पुन्हा गेलो होतो – चोराच्या मनात चांदणं. थोरलीच्या जागी साधा काळा दगड होता.

"थोरली रुसून गेली," तान्हाबाई म्हणाली. "माझ्याच हातून काही चुकलं असंल. तवापासून मीठ सोडलंय मी."

मी काय केलं? पाणी प्यायलो आणि निघालो.

सरांनी त्या स्फटिकावर एक लेख लिहिला होता. तो वाचून बाहेरचे एक विद्वान खाण पाहायला आले. दोन दिवसांत त्यांना हिरवा कणही दिसला नाही. त्यांनी सगळ्यांसमोर विचारलं, तुमचा विद्यार्थी खोटं तर बोलला नाही? सर म्हणाले, "तो खोटं बोलणार नाही. माझीच नजर कमी पडतीय." मी चार हातांवर होतो. खाली वाकून नमुन्यांची पिशवी बांधायला लागलो. पुढं लोक सरांना मागून 'हिरव्या खाणीवाले' म्हणून हसायला लागले. त्यांचा दुसरा कुठला लेख मग कुणी मनावर घेतला नाही. ज्या माणसानं आयुष्यभर दुसऱ्याला जागा नीट लिहायला शिकवलं, त्याच्या शब्दावरचा विश्वास उडाला. माझ्यामुळं. मी रोज ठरवायचो, उद्या सांगू. अशी किती वर्षं गेली?

संस्थान जायच्या आधीच्या हिवाळ्यात सरांनी अंथरूण धरलं. डोळ्यांत मोतीबिंदू उतरला होता. मी भेटायला गेलो. खोलीत आम्ही दोघंच. त्यांनी माझा हात चाचपून धरला.

"एकच इचारतो. तो स्फटिक कमरेइतक्या उंचीवर होता, का छातीइतक्या?"

एक वाक्य लागत होतं. फार तर दोन. त्यांची बोटं माझ्या मनगटावर होती आणि ते वाट पाहत होते.

"छातीइतक्या, सर," मी म्हणालो.

त्यांचा चेहरा सैल झाला. खरंच झाला. "मंग बराबर," ते म्हणाले, "मी खालीच पाहून राह्यलो होतो रे." आणि माझा हात थोपटला.

दहाव्या दिवशी ते गेले.

स्फटिक अजून त्या कपाटात आहे. चिठ्ठीवर माझं नाव आहे. खाली सरांच्या अक्षरात – बदनापूरची खाण, उत्तरेची भिंत. आणि त्याखाली माझ्या अक्षरात – छातीइतक्या उंचीवर. ते मी सर गेल्यानंतर लिहिलं.