पाय बघून गाणारी

संकेश्वरच्या एका रिसेप्शनला मी चमचमता कोट घालून कराओकेवर गात होतो. भाव दाटून आला की मी डोळे मिटतो. उघडले, तेव्हा सगळे पाहुणे जेवायला पळाले होते. समोर एकच म्हातारी उरली होती, फ्रॉक घातलेली, बेळगावच्या कॅम्पातली. तरुणपणी या आंटी तिथल्या क्लबात डान्स बँडबरोबर जॅझ गायच्या, असं त्यांनीच सांगितलं.

"कसं गायलो, आंटी?"

"डोळे मिटू नको रं. आम्ही लोकांचे पाय बघून गायचो. पाय थांबले की गाणं बदलायचं."

"मग तुमचं नाव कसं कुणाला ठाऊक न्हाय?" मी शहाण्यासारखं विचारलं.

त्या हसल्या. "नाचणारी जोडी एकमेकांकडं बघते. गाणाऱ्याकडं बघायला लागली, की समजायचं गाणं फसलं."

मी कोट सावरून पुन्हा सुरू केलं, या खेपेला डोळे उघडे ठेवून. त्यांच्या सँडलचं टोक ताल धरत होतं. नजर माझ्याकडं नव्हती. म्हणजे जमलं की! मी खूश होऊन आवाज चढवला.

मग लक्षात आलं, तो ताल माझ्या गाण्याचा नव्हताच.

त्यांच्या मनातलं गाणं मोडू नये म्हणून मी माईक हळूच तोंडापासून लांब नेला.