डाय हाऊसचा पाचवा सर्व्हर

चार सर्व्हर स्क्रीनवर हिरवे झाले आणि पाचव्याचा पत्ताच नव्हता. सायबर सुरक्षेच्या कामासाठी मी बुटीबोरीच्या एका कापड गिरणीत बसले होते. संध्याकाळी परदेशी ग्राहकाचा कॉल होता. पाचही सर्व्हर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या सिक्युरिटी पोर्टलवर दिसले तरच ऑर्डर, नाहीतर ती दुसऱ्या गिरणीला, असं त्याने स्पष्ट कळवलं होतं.

सकाळ लायसन्समध्येच गेली होती. मालक राठीशेठ यांनी सुरक्षेच्या सॉफ्टवेअरचं लॅपटॉपसाठीचं लायसन्स घेतलं होतं आणि तेच सर्व्हरला चालेल असं धरून बसले होते.

"सर्वरले अलग काहून पाह्यजे?" त्यांनी विचारलं.

लॅपटॉपचं लायसन्स माणसाच्या नावावर असतं, सर्व्हरचं त्या मशीनच्या. तासाच्या मीटरवरही मिळतं, पण तुमचे सर्व्हर दिवसरात्र चालतात, तेव्हा वर्षाचंच घ्या, असं मी समजावलं. कुरकुर करत ते तयार झाले. मग ऑनबोर्डिंग, म्हणजे एकेका सर्व्हरची पोर्टलशी ओळख करून देणं. छोटी स्क्रिप्ट चालवायची की झालं. चौघांचं झालंही.

पाचवा डाय हाऊसचा, म्हणजे कापड रंगवण्याच्या विभागाचा. जुनाट. त्याला आधी अपडेट आणि मग रीस्टार्ट लागणार होता. तिथले मॅनेजर वानखेडेसाहेब आडवेच आले.

"म्याडम, लॉट चालू हाये. मधातच सर्वर बंद पडला त कापडावर पट्टे येतीन."

त्यांचं चूक नव्हतं. रंगाचं तापमान तोच सर्व्हर सांभाळायचा, आणि कापडाचा एक लॉट रंगवून संपला की लगेच दुसरा. मग मी विचारलं, रंग बदलताना मशीन धुता की नाही?

"काळ्यानंतर फिका रंग घ्याचा असन त धुतो. उकळत्या पाण्यानं, हातानं वॉल्व्ह फिरवून."

हाताने! म्हणजे तेवढा वेळ सर्व्हरला काम नाही. मशीनमध्ये काळाच होता, पण पुढचा लॉट गर्द निळा, म्हणजे धुणं नाहीच. मी म्हटलं, निळा मागे ठेवा, आधी फिका गुलाबी घ्या. वानखेडेसाहेबांनी मला वेड्यात काढलं. फिक्याकडून गडदाकडे जायचं, उलट नाही, हा त्यांच्या खात्याचा धर्मच.

शेवटी राठीशेठच बोलले, "वानखेडे, घ्या गुलाबी. पाणी गेलं त चालन, ऑर्डर नाही गेली पाह्यजे."

धुणं सुरू झालं. अपडेट, रीस्टार्ट, स्क्रिप्ट. आणि पाचवा हिरवा! मी आनंदाने टेबलावर हात आपटला. आता शेवटची परीक्षा. आपणच एक लुटुपुटीचा धोका तयार करायचा आणि पोर्टल ओरडतं का ते पाहायचं. ओरडलं. पाठोपाठ दुसरा अलर्ट आला, आणि तो माझा नव्हता. दुरुस्तीसाठी बाहेरून सर्व्हरमध्ये शिरता यावं म्हणून कधीतरी उघडलेली रिमोटची वाट कुणी बंदच केली नव्हती, आणि तिथून कुणीतरी आत शिरलं होतं.

वानखेडेसाहेब खुर्ची ओढून माझ्या शेजारी बसले. "हाकला त्याले," म्हणाले.

गुलाबी लॉट चढायच्या आत मी ती वाट बुजवली. ग्राहकापासून काही लपवायचं नाही असं ठरलं. संध्याकाळच्या कॉलवर त्याने त्या घुसखोरावरच भरपूर प्रश्न विचारले, तो लगेच पकडला गेला याची खात्री करून घेतली आणि ऑर्डर दिली.

आता नव्या कारखान्यात गेले की लायसन्सच्या आधी मी विचारते, मशीन धुता कधी? आयटीवाले गोंधळतात. मशीनवाले लगेच सांगतात.