भरलेली गाडी, रिकामी मोटार

आमच्या गावात गाडी म्हटलं की बैलगाडीच. पेट्रोलवर चालते ती मोटार, रुळावरची ती रेल. हैदराबादला कॉलेजात गेलो तेव्हा तिथली मुलं ‘गाडी चुकली’ म्हणायची आणि माझ्या डोळ्यांपुढे आधी बैल यायचे. टक्करीचंही तसंच. आमच्याकडे टक्कर एडक्यांची होते, दोघंही मुद्दाम मागे सरून धावतात. चाक चाकाला घासलं तर ‘गाडी लागली’ एवढंच म्हणतात. घरातून कॉलेजात गेलेला मी पहिलाच, म्हणून अशा गोष्टींकडे माझं लक्ष जरा जास्त जात असावं.

सुट्टीत घरी आलो होतो. काकांबरोबर कापसाची गाडी घेऊन नरसीच्या रस्त्यानं हिंगोलीच्या जिनात, सरकी काढायच्या कारखान्यात, निघालो. समोरून उतारूंची सर्विस मोटार आली. भोंगा वाजत राहिला, पण काकांनी बैल चाकोरीतून काढले नाहीत. शेवटी ड्रायव्हरनंच मोटार वळवली. ती आमच्या चाकाला घासून खाली काळ्या रानात उतरली आणि रुतली. कुणाला लागलं नाही. आमच्या चाकाचा एक आरा मोडला, मोटारीचा पत्रा दबला. काकांनी लगेच बैल सोडले, मोटारीला दोर बांधून ती ओढून रस्त्यावर आणून दिली.

मोटारीच्या मालकानं ठाण्यात तक्रार दिली. आम्ही हिंगोलीत पोचताच पोलिसांनी बैल आणि गाडी ठाण्याच्या आवारात अडकवून ठेवली. चूक काकांची ठरली तर बैल कोंडवाड्यात जाणार होते. बैलांना पाणी पाजायलाही काकांनी कुणाला हात लावू दिला नाही.

तेव्हा ठाण्याचा कारभार उर्दूत चाले. अमीनसाहेब, म्हणजे तिथले फौजदार, उर्दूत विचारत होते आणि मी दोन्हीकडचं सांगत होतो. तक्रारीत ‘टक्कर मारली’ असं होतं. मी चाचरत म्हणालो की टक्कर नाही, घासली. त्यावर ते म्हणाले, शब्द राहू दे. चूक नव्हती तर या माणसानं दुसऱ्याची मोटार ओढून का काढली? चूक कबूल असल्याशिवाय कोण असं करतो?

मी ते काकांना सांगितलं. ते माझ्याकडे पाहतच राहिले, जणू हे मी विचारायलाच नको होतं.

“चाकोरी सोडली त्याला खांदा द्यावाच लागतो. न्हाई दिला तर उद्या आमाला वाट कोन दील?”

मग मला सगळी रीत सांगावी लागली. दोन गाड्या समोरासमोर आल्या तर रिकामीनं खाली उतरायचं, भरलेली चाकोरीतच राहते. मात्र भरलेल्या गाडीवाल्यानं खाली उतरून दुसऱ्याच्या चाकाला खांदा लावायचा आणि त्याला वर घ्यायचं. आमच्याकडे ही कबुली नाही, रीत आहे. माझी उर्दू पुस्तकी होती. ती कितपत पोचली कोण जाणे.

“पण मोटारीला वाट का दिली नाही?” अमीनसाहेबांनी विचारलं.

“माझी गाडी भरलेली व्हती,” काका म्हणाले. “मोटार रिकामी. आत तीन माणसं, त्यातलं एक झोपलेलं.”

अमीनसाहेब हसले. ड्रायव्हर आमच्याच भागातला होता. तो जरा चिडून म्हणाला, मोटारीला रिकामी कोण म्हणतं? मग काकांकडे न बघताच त्यानं पुढचं सांगितलं, “या मामूनं बैल लावले नसते तर आमी अजून तितंच असतो, साहेब.”

त्यानंतर अमीनसाहेबांनी फार विचारलं नाही. बैल सोडा म्हणाले. पण ताकीदही दिली, मोटार रिकामी असो की भरलेली, यापुढे गाडी खाली घ्यायची.

काकांनी ते ऐकून घेतलं. दोर सोडता सोडता ते थांबले.

“घेतो की. पर मंग मला वर काढायला मोटार थांबंल का?”

हे उर्दूत सांगावं की नाही, मला कळेना. तरी सांगितलं. अमीनसाहेबांनी ड्रायव्हरकडे पाहिलं.

“थांबीन,” तो म्हणाला.

तो किती वेळा थांबला ते मला ठाऊक नाही, सुट्टी संपताच मी परत गेलो. बैल मात्र त्या संध्याकाळी घरी आले.